हस्तलिखित जुने, की साक्ष जुनी? नवा करार आणि कुराण यांची साधने म्हणून तुलना

प्रश्न – जिज्ञासू वाचक

नवा करार आणि कुराण मी भाषांतरांतून वाचले आहेत. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवून इतिहासाची साधने म्हणून त्यांची तुलना कशी करावी, हे मला समजून घ्यायचे आहे. एक बाजू म्हणते की बर्मिंगहॅम विद्यापीठातील कुराणाच्या दोन पानांचे चर्मपत्र कार्बन-चाचणीत इ.स. ५६८ ते ६४५ या काळातले ठरले, तर संपूर्ण नवा करार असलेली सर्वांत जुनी प्रत, कोडेक्स सिनाइटिकस, चौथ्या शतकातली आहे. म्हणून कुराण अधिक विश्वसनीय. दुसरी बाजू म्हणते की नव्या करारातील मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कथा, येशूनंतर साधारण चाळीस वर्षांनी लिहिले गेले, तर मुहम्मद पैगंबरांचे पहिले विस्तृत चरित्र त्यांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. म्हणून शुभवर्तमाने अधिक विश्वसनीय. दोन्ही म्हणणी ऐकताना पटतात, आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. गफलत नेमकी कुठे होते?

प्रतिसाद १ – पाठचिकित्सक

आपण दिलेली माहिती दोन्हीकडे बरोबर आहे, पण त्या दोन वेगवेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांना एकाच तराजूत घातले आहे. मूळ मजकूर आपल्यापर्यंत न बदलता पोहोचला का, हा एक प्रश्न. आणि तो मजकूर घडलेल्या घटनांविषयी खरे सांगतो का, हा दुसरा. बर्मिंगहॅमची पाने केवळ पहिल्या प्रश्नाशी संबंधित आहेत, आणि तिथेही चाचणीतून कातड्याचे वय कळते, शाईचे नव्हे.

पहिल्या प्रश्नापुरते पाहिले, तर कुराणाची बाजू भक्कम आहे असे माझे मत आहे. येमेनमधील सना येथे १९७२ साली सापडलेल्या हस्तलिखितांत एक चर्मपत्र असे आहे की त्यावरचा आधीचा मजकूर पुसून पुन्हा कुराणच लिहिलेले आहे. खालच्या थरात शब्दांचे आणि सूरांच्या, म्हणजे कुराणातील अध्यायांच्या, क्रमाचे फरक दिसतात, परंतु आशय तोच राहतो. नव्या करारात याहून मोठे प्रश्न आहेत. मार्कच्या सोळाव्या अध्यायातील ९ ते २० ही वचने सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या दोन्ही प्राचीन प्रतींत नाहीत, आणि योहानाच्या शुभवर्तमानातील व्यभिचारी स्त्रीची प्रसिद्ध कथाही त्यांत आढळत नाही.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. खलिफा उस्मान यांनी इ.स. ६५०च्या सुमारास एक प्रमाण पाठ ठरवून इतर प्रती जाळायला लावल्या, असे इस्लामी परंपराच सांगते. त्यामुळे तिथली एकरूपता काही अंशी त्या निर्णयाचे फळ आहे. नव्या करारावर आरंभीच्या काळात अशी कोणाचीही मध्यवर्ती सत्ता नव्हती. म्हणून पाठभेद उघडे राहिले, आणि संशोधकाला ते उपयोगीच पडतात.

प्रतिसाद २ – इतिहासाची विद्यार्थिनी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. पण तुलनेच्या जोड्याही बदलायला हव्यात असे मला वाटते. कुराण हे चरित्र नाही. त्यात ‘मुहम्मद’ हे नाव केवळ चार वेळा येते, बद्र आणि हुनैन या लढायांचा उल्लेख होतो, परंतु त्या कशा झाल्या हे कळण्यासाठी बाहेरचा ग्रंथ उघडावा लागतो. ख्रिस्ती बाजूला त्याच्या जवळ जाणारे साधन म्हणजे आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याची नव्या करारातील पत्रे. तीही इ.स. ५०च्या दशकातली, म्हणजे शुभवर्तमानांच्या आधीची आहेत आणि येशूच्या जीवनाविषयी फार थोडे सांगतात. पण गलतीकरांस लिहिताना पौल आपण प्रभूचा भाऊ याकोब याला भेटल्याचे सहज नमूद करतो, आणि अशा एका ओळीचे मोल इतिहासकाराला पानभर कथेपेक्षा जास्त असते.

शुभवर्तमानांची जोडी लावायची ती सीरत, म्हणजे पैगंबरांचे चरित्र, आणि हदीस, म्हणजे त्यांच्या उक्ती-कृतींची कथने, यांच्याशी. पहिले विस्तृत चरित्र लिहिणारे इब्न इसहाक यांचे निधन इ.स. ७६७च्या सुमारास झाले, त्यांचे लेखन आपल्याला मुख्यतः इब्न हिशाम यांच्या संपादनातून मिळते, आणि हदीसचे संकलक बुखारी तर ८७० साली वारले. काळाच्या अंतरात शुभवर्तमाने निश्चितच जवळची आहेत. परंतु हदीस प्रत्येक कथनामागे कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी, म्हणजे इस्नाद, देते. शुभवर्तमानकार अशी साखळी देत नाहीत. इस्नाद रचताही येते, हे मुस्लिम विद्वानांनीच ओळखले होते आणि असंख्य हदीस त्यांनीच नाकारल्या. उलटपक्षी जवळचा काळ म्हणजे अचूकपणा नव्हे: लूक येशूचा जन्म सिरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या शिरगणतीशी जोडतो, ती इ.स. ६ मधली, तर मत्तयाने ज्या हेरोदाच्या कारकिर्दीत जन्म दाखवला, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पूर्व ४ मध्येच मरण पावला होता.

जिज्ञासू वाचक

मनःपूर्वक आभार. मग येशूला वधस्तंभावर मारले गेले नाही असे सांगणाऱ्या कुराणातील ४:१५७ या आयतीचे काय करायचे?

प्रतिसाद ३ – पाठचिकित्सक

पहिल्या शतकातील घटनेसाठी सातव्या शतकातला ग्रंथ साधन म्हणून वापरता येत नाही, तो कोणत्याही धर्माचा असो. पौल, चारही शुभवर्तमाने आणि इ.स. ११६च्या सुमारास लिहिणारा रोमन इतिहासकार टॅसिटस येशूला मृत्युदंड झाल्याचे सांगतात, आणि इतिहासकार जवळजवळ एकमताने तो मान्य करतात. पण तीच आयत, सातव्या शतकात अरबस्तानात येशूविषयी काय बोलले जात होते, याची मात्र अव्वल दर्जाची साक्ष आहे. मातीचे पक्षी सजीव करणाऱ्या येशूची जी कथा कुराणात येते, ती चार प्रमाण शुभवर्तमानांत नाही. ती येशूच्या बालपणाविषयीच्या एका अप्रमाण ग्रंथात आधीपासून आहे. अशा ठिकाणी दोन परंपरांचा प्रत्यक्ष संपर्क आपल्याला दिसतो, आणि माझ्या मते तुलनेचे खरे काम तिथून सुरू होते.