बेलापूरला घरी बदकं पाळायची आहेत (अंडी + बाग), मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधे आमचं बैठं घर आहे, मागे जेमतेम दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, त्यात केळी, अळू, पपई, कढीपत्ता आणि पाऊस सुरू झाला की गोगलगाईच गोगलगाई. त्या मोठ्या शंखवाल्या आफ्रिकन. रात्री टॉर्च घेऊन गोळा करायच्या म्हणजे वैताग आहे नुसता, मीठ टाकलं तर माती वाया जाते आणि औषध टाकायचं तर आजूबाजूच्या मांजरांची भीती. कोणीतरी म्हणालं बदकं आण, गोगलगाई पण खातील आणि अंडी पण देतील, तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

वाचून एवढं कळलंय की अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल चांगली, नीट खायला मिळालं तर वर्षाला 250-300 पर्यंत अंडी देते, आणि बदकं कोंबड्यांसारखी माती उकरत नाहीत. हे दुसरं मला फार पटलं कारण पूर्वी गावठी कोंबड्या होत्या त्यांनी आल्याचा वाफा पार विस्कटून ठेवायचा नेम धरला होता. तीन माद्या घ्यायचा विचार आहे, नर नको, अंड्यांना तसाही लागत नाही.

आता प्रश्न. तळं नाही आणि खणायला जागाही नाही, मग टबवर भागतं का? भागत असेल तर ते घाण पाणी रोज टाकायचं कुठे, आणि डासांचं काय, पावसाळ्यात पालिकेची माणसं कुंड्यांखालच्या थाळ्यासुद्धा बघून जातात. आमची घरं एका चौकाभोवती आहेत, इकडे कुकरची शिट्टी झाली की तिकडे मोजतात, त्यामुळे बदकांचा आवाज किती ते प्लीज खरं खरं सांगा. पारसिकच्या डोंगरामुळे मुंगसं येतात, घुशी तर घरच्याच आहेत. आणि नवरा बर्ड फ्लू धरून बसलाय, 2022 ला शहापूर तालुक्यात निघाला होता ना तेव्हापासून. सासूबाईंचं एकच वाक्य, बदक घाण फार करतं. जवळपास कोणी पाळली असतील तर सांगा, इथे पाळायला परवानगी लागते का ते पण कोणी विचारलं असेल तर लिहा.

उरणकर_पाणथळ: ताई, सासूबाई बरोबर आहेत 😀 आमच्याकडे लहानपणापासून बदकं आहेत म्हणून सांगतो. तळं लागत नाही, पण डोकं डोळ्यांपर्यंत बुडेल एवढं खोल पाणी लागतंच, नाकपुड्या आणि डोळे त्यातच साफ होतात. मोठं घमेलं किंवा टब पुरे. ते पाणी संध्याकाळपर्यंत चहासारखं होतं, रोज केळीच्या आळ्यात ओतायचं, केळी अशी सुटेल की बघत राहाल. पण एकाच आळ्यात नको, फिरवत राहा नाहीतर वास मारतो. रोज पाणी बदललं तर डास होत नाहीत, अळीपासून डास व्हायला साधारण आठवडा जातो.

आवाजाचं मात्र उलटं आहे. नर घोगरा, हळू आवाज काढतो, क्वॅक क्वॅक करून गल्ली डोक्यावर घेते ती मादी. म्हणजे तुमच्या तिन्ही ओरडणाऱ्याच. सगळ्यात जास्त सकाळी बोंब असते, दार उघडा आणि खायला द्या म्हणून. आणि दार लगेच उघडूही नका, अंडी पहाटेच घालतात, आठ-नऊपर्यंत आत ठेवलं तर अंडं आत मिळतं, नाहीतर अळवात शोधत बसाल. शेजाऱ्यांना आधीच विचारा आणि पहिली अंडी त्यांनाच द्या.

कोलशेतची_मंजू: गोगलगाईंबद्दल जास्त आशा ठेवू नकोस गं. बारक्या असतात त्या मटामट गिळतात, हाताच्या मुठीएवढ्या आफ्रिकन त्यांना गिळता येत नाहीत, त्या तुलाच उचलाव्या लागणार (ग्लोव्हज घालून हां, उघड्या हाताने नको, त्यांच्यात जंत असतात). पण दरवर्षी बारक्या खाल्ल्या गेल्या की मोठ्या होणाऱ्या कमी होतात. दुसरं, उकरत नाहीत हे खरं पण पालक, मेथी, कोवळी रोपं चट्टामट्टा करतात, आणि ओल्या जमिनीवर थापथाप चालून चिखल करतात तो वेगळाच. वाफ्यांना जाळी लाव, पावसाळ्यात त्यांना एका बाजूलाच ठेव आणि तिथे भाताचं तूस टाकत राहा.

खुराडेवाला: खाण्याचं कोणी बोललं नाही अजून. बदकांना बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, कोंबड्यांपेक्षा फार लवकर बाधतं. आपल्याकडे जुलैत मका नि शेंगदाणा पेंड पिशवीतच बुरसते, म्हणून पावसाळ्यात थोडं थोडं आणा, ओलं कालवलेलं उरलं तर त्याच दिवशी टाकून द्या. मोठ्या बदकांना कोंबडीचं लेयर फीड (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) चालतं, पण पिल्लांना नायासिन (एक बी जीवनसत्त्व) जास्त लागतं, त्यांच्या खाण्यात ब्रूअर्स यीस्ट थोडं मिसळा नाहीतर पाय वाकडे होतात.

रात्रीसाठी पातळ कोंबडीजाळी बिनकामाची, वेल्डमेश (जाड तारेची वेल्डिंग केलेली जाळी) घ्या आणि खाली कोबा करा, घूस खालून येते. बर्ड फ्लूबद्दल तुमच्या मिस्टरांचं चुकत नाहीये, बदकं आजारी न दिसता तो विषाणू बाळगू शकतात. खाणंपाणी छपराखाली ठेवा म्हणजे कावळे-बगळे तोंड घालणार नाहीत, खाडीकडे सोडू नका, अंडी पूर्ण शिजवून खा. एकदम मरतूक झाली तर पुरून मोकळं होऊ नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. डक प्लेगची लस पशुवैद्यांना विचारून द्या.

धागाकर्ती: बापरे, सगळ्यांचे मनापासून आभार! मिस्टरांना वाचून दाखवलं, फक्त त्यांच्या बाजूचं तेवढंच ऐकलं. शेजारच्या काकूंशी बोलले, त्या म्हणाल्या अंडी मिळणार असतील तर ओरडू देत. आता दोनच आणाव्यात की तीन? आणि पिल्लं घेऊ की मोठी?

उरणकर_पाणथळ: तीनच आणा, एखादी गेली तर उरलेली एकटी पडत नाही. पिल्लं नको, चार-पाच महिन्यांची घ्या, पाचव्या-सहाव्या महिन्यात अंडी सुरू होतात. विकणारा सगळ्या माद्याच आहेत म्हणेल, तुम्ही एकेक हातात धरून बघा, क्वॅक करून ओरडली तर मादी, नुसतं घोगरं खरखरलं तर परत ठेवा. पूर्ण वाढलेल्या नराची शेपटीवरची पिसंही वर वळलेली असतात.