'जर्नीमन' खेळाडू : मराठीत काय म्हणावं?

बेसबॉलमध्ये सतत संघ बदलत राहिलेल्या खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. जर्नी म्हणजे प्रवास, मग 'भटक्या खेळाडू' चालेल का?

प्रतिसाद १
'भटक्या' नको. यातली जर्नी प्रवासाची नाहीच. मूळ फ्रेंच 'जुर्ने', म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. उमेदवारी संपली, हातात कसब आलं, पण स्वतःचं दुकान थाटलेलं नाही, असा रोजाने काम करणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. आपल्या 'रोजंदारी'तही दिवसच आहे.

शिवाय भटकणारा आपल्या मर्जीने भटकतो. एडविन जॅक्सन हा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) घ्या. २००३ साली, विसाव्या वाढदिवशी, डॉजर्स संघाकडून पहिला सामना. समोर नामांकित पिचर रँडी जॉन्सन, आणि पोरगा जिंकला. २०१९ पर्यंत तो १४ संघांकडून खेळला. मेजर लीगमधला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतला, हा विक्रम. २०२५ मध्ये रिच हिल या पिचरने त्याची बरोबरी केली.

२७ जुलै २०११ ला शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला टोरोंटोला देऊन टाकलं आणि टोरोंटोने त्याच दिवशी सेंट लुइसला. त्याच व्यवहारात ऑक्टाव्हियो डोटेल हा पिचरही सेंट लुइसला गेला. पुढे १३ संघांचा विक्रम डोटेलच्या नावावर जमा झाला आणि जॅक्सनने तो मोडला, तोही टोरोंटोच्याच गणवेशात! २०११ मध्येच सेंट लुइसने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली, हे दोघेही संघात होते.

यात खेळाडूला कोणी विचारत नाही. ट्रेडला, म्हणजे संघांमधल्या अशा देवाणघेवाणीला, नकार द्यायचा हक्क मिळतो तो मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढल्यावर, नाहीतर करारात तशी अट घालून घेतली तर. ज्याची सारखी उचलबांगडी होते त्याची पाच वर्षं भरणार कधी? अशा माणसाला 'भटक्या' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रतिसाद २
व्युत्पत्ती पटली, पण 'रोजंदारीवरचा' म्हटलं की कच्ची नोकरी डोळ्यांपुढे येते. जॅक्सनला शिकागो कब्जने चार वर्षांसाठी ५ कोटी २० लाख डॉलर दिले होते. 'बारा गावचं पाणी प्यालेला' कसं वाटतं?

प्रतिसाद ३
त्यात बेरकेपणाची छटा येते. बातमीत तसं लिहिलं तर वाचकाला वाटेल, गडी बनेल आहे.

माझं मत 'कसब'च्या बाजूने. २५ जून २०१० ला ॲरिझोनाकडून खेळताना याच जॅक्सनने टॅम्पा बे या आपल्या जुन्या संघाला एकही हिट (फटका मारून बेस गाठणं) मिळू दिली नाही. आठ जणांना वॉक दिले (चुकीच्या चेंडूंमुळे फुकट बेस), १४९ चेंडू टाकले, हात दुखून आला असणार, पण सामना १-० असा काढला. भरवशाचं काम करणारा माणूस म्हणूनच तर संघ पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळतात.

मात्र 'कसबी' लिहिताना जपा. स्त्रीलिंगी 'कसबीण' मराठीत भलत्याच अर्थाने रुळलाय, महिला खेळाडूबद्दल वापरता येणार नाही. त्यापेक्षा 'कसलेला', 'कसलेली' सरळ पडतं. फिरतीचा अर्थ हवा तर 'गावोगावी'च्या चालीवर 'संघोसंघी' जोडा : 'संघोसंघी कसलेला पिचर', 'संघोसंघी कसलेली यष्टिरक्षक'.