आधी ओढे मोकळे करा, नदीकाठ नंतर सजवा

पाषाणकर
नदीकाठ सुधार प्रकल्पावर पुण्यात इतकं भांडून झालंय की झाडं, सायकल ट्रॅक आणि घाट यांवर नवीन बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. माझा मुद्दा पैसा आधी कुठे लावायचा हा आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर काठ, २०२२ च्या मार्चमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी, खर्च पावणेपाच हजार कोटींच्या घरात. आता २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल. माणसं गेली ती आंबिल ओढ्याच्या पाण्यात. तो पूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा नव्हता, कात्रजच्या बाजूला काही तास पाऊस कोसळला एवढंच.

आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला, रामनदी, देवनदी. यांच्या भूमिपूजनाला कोणी येत नाही, म्हणून यांच्यासाठी पैसेही नसतात. माझी मागणी सरळ आहे: प्रत्येक ओढ्याची उगमापासून संगमापर्यंत मोजणी होऊन अडलेले कल्व्हर्ट (रस्त्याखालच्या मोऱ्या) मोठे होईपर्यंत नदीकाठाचा एकही नवा टप्पा सुरू करू नये.

एकतानगरीवाला
पाषाणकर, तुम्ही टेकडीच्या अंगाला राहता, तुम्हाला ओढा दिसतो. आम्हाला इथे सिंहगड रस्त्याजवळ, मुठेच्या काठावर, नदी दिसते, तीही जिन्यात. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला तेवढे घनफूट) वर पाणी सोडलं आणि पहाटे आमच्या पार्किंगमधल्या गाड्या तरंगत होत्या. तुमच्या 'एकही नवा टप्पा नको' याचा अर्थ आमच्या भाषेत 'तुम्ही अजून दहा वर्षं बुडत राहा' असा होतो. माझी तक्रार उलटी आहे. काम सुरू कुठून झालं? संगमवाडी, बंडगार्डन, पुढे मुंढवा. जिथे पाणी घरात शिरतं तिथे आधी भिंत बांधा ना!

पाषाणकर
भिंतीने पाणी कमी होत नाही हो. तुमच्याकडे भिंत झाली की ते समोरच्या काठावर चढणार, नाहीतर खाली पेठांकडे. आणि निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. तिच्या आत इमारती उभ्या राहिल्या, त्याचं काय?

एकतानगरीवाला
परवानगी बघून, कर्ज काढून घर घेतलं. पूररेषा काय असते हे बिल्डरच्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं. ज्यांनी शिक्के मारले त्यांना विचारा, मला नाही.

निवृत्त_जेई
जेई म्हणजे ज्युनियर इंजिनिअर होतो, नोकरीत ओढ्यांची कामं भरपूर केली, म्हणून थोडं लांबण लावतो.

पाषाणकर, 'कल्व्हर्ट मोठे करा' हे बरोबर, पण अर्धंच. ओढ्याला दोन्ही बाजूंनी सीमाभिंत बांधली, तळाला काँक्रीट ओतलं, वळणं सरळ केली की पाणी वेग घेतं. पूर्वी झाडोऱ्यातून, खड्ड्यांतून रेंगाळत जे पाणी तासाभरात यायचं ते वीस मिनिटांत खालच्या कल्व्हर्टवर आदळतं. तिथे दोन पाइप, त्यात एक गादी अडकलेली. झाला बंधारा. पाणी रस्त्यावर चढतं, पलीकडे सोसायटीची भिंत असते, ती पडते, आणि मग एकदम लोंढा. म्हणजे वरच्या लोकांनी स्वतःच्या भिंतीसाठी भांडून मिळवलेलं काम खालच्या वस्तीच्या जिवावर येतं. एकतानगरीवाले, हे तुमच्यासाठीही लिहितोय.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. आपल्याकडे मैलावाहिन्या ओढ्याच्या पात्रातूनच टाकल्या जातात, कारण तिथे उतार आयता मिळतो, पंप लागत नाही. त्यांचे चेंबर पात्रात मधोमध उभे. चेंबर फुटला की मैलापाणी ओढ्यात, ओढा भरला की त्याचं पाणी वाहिनीत. शुद्धीकरण केंद्राला काय पोचत असेल विचार करा.

नालेसफाईबद्दल न बोललेलं बरं. मे अखेरीला गाळ काढून काठावरच ढीग लावतात. जूनचा पहिला जोरदार पाऊस तो जागच्या जागी परत नेऊन ठेवतो. बिल मात्र निघालेलं असतं.

धायरी_ते_हिंजवडी
वा! म्हणजे भिंत नको, काठ नको. रस्ता तर तुम्हा मंडळींना कधीच नको असतो. विठ्ठलवाडीपासून महामार्गापर्यंत नदीकडेने रस्ता होत होता. २०१३ मध्ये हरित न्यायाधिकरणाने पूररेषेबाहेरून न्या नाहीतर खांबांवर घ्या म्हणून सांगितलं. निसर्ग वाचला, आनंद आहे. माझे रोजचे दोन तास सिंहगड रस्त्यावर जातात, त्या धुराचा हिशेब कुठल्या पर्यावरणात धरायचा? बालभारती ते पौड फाटा या टेकडीवरून जाणार असलेल्या रस्त्याचं तेच. टेकडी, टेकडी. घरी पोचायचं कसं ते कोणी सांगत नाही.

पाषाणकर
तो रस्ता पात्रात झाला असता तर २०२४ च्या जुलैत तो तुम्हाला नावेतून ओलांडावा लागला असता. पात्रातला भिडे पूल पावसाळ्यात कसा पाण्याखाली जातो ते बघताच की.

धायरी_ते_हिंजवडी
भिडे पूल वर्षातले काही दिवस बंद असतो आणि बाकी दिवस लाखो लोकांना उपयोगी पडतो. तुमच्या उदाहरणातून माझाच मुद्दा सिद्ध होतो, धन्यवाद!

कर्वेनगरची_सून
(हे मात्र त्यांनी बरोबर पकडलं.)

मला रस्त्याचाच दुसरा भाग मांडायचा आहे. आमच्या गल्लीत जुना डांबरी रस्ता होता. त्यावर थर, मग पुन्हा थर, मग काँक्रीट. आता रस्ता आमच्या फाटकापेक्षा वर आहे. पावसाळी गटाराची जाळी उंचवट्यावर, पाणी खोलगट भागात. तळमजल्यावरचे काका जूनपासून दाराशी वाळूची पोती लावून ठेवतात. ना नदी, ना ओढा, तरी घरात पाणी! काँक्रीट करताना आधी खरवडून पातळी राखायची असते हे ठेकेदाराला माहीत नसेल असं नाही, पण खरवडायचे पैसे वेगळे.

आणि सांगायचं कोणाला? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. एवढ्या काळात किती गल्ल्या काँक्रीटच्या झाल्या ते आपापल्या वॉर्डात बघा. आता निदान तक्रार घेऊन जायला एक दार आहे, तर ते वाजवू या.

निवृत्त_जेई
ताई, दार वाजवताना एक प्रश्न घेऊन जा: रस्त्याचं काम पथ विभागाचं, त्याखालचं गटार मलनिस्सारणाचं, तर तयार रस्त्याच्या पातळीवर सही कोणाची? त्याचं उत्तर मिळालं तर निम्मं काम झालं.

औंधचा_आशावादी
इतकी निराशा बरी नाही. साबरमतीच्या काठावर लोक फिरतात, आपण नाकाला रुमाल लावून पूल ओलांडतो. काठावर माणसं यायला लागली की नदीकडे लक्ष जाईल, मग घाण सोडणाऱ्यांवर दबाव येईल. काम कुठून तरी सुरू व्हायलाच हवं.

कर्वेनगरची_सून
दबाव आणायला काठ कशाला? जपानच्या मदतीच्या मैलाशुद्धीकरण प्रकल्पाला मंजुरी २०१६ मध्ये मिळाली. ९९० कोटी, ११ केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. ती केंद्रं ठरल्या वेळेत उभी राहिली असती तर रुमाल केव्हाच खिशात गेला असता. घाण पाण्याशेजारी बाक टाकून त्यावर बसणार कोण?

औंधचा_आशावादी
दोन्ही कामं एकाच वेळी होऊ शकतात. प्रत्येक गोष्टीत 'आधी हे, मग ते' केलं की शेवटी काहीच होत नाही, हा पुण्याचा जुना आजार.

पाषाणकर
पैसा अमर्याद असता तर मान्य केलं असतं. २०१७ मध्ये ११ गावं हद्दीत आली, २०२१ मध्ये आणखी २३. तिथेही ओढे आहेत आणि त्यांच्यावर राडारोडा टाकून भराव घालण्याचं काम जोरात आहे. आंबिल ओढ्याचं जे झालं ते तिथे व्हायला अजून थोडा वेळ आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा. एकतानगरीचा टप्पा मात्र अपवाद धरू, तेवढं मागे घेतो.

एकतानगरीवाला
अपवाद नको, भिंतीची तारीख हवी. आणि जेईसाहेब, भिंतीने पाणी खाली ढकललं जातं म्हणता, तर धरणातून रात्री एकदम सोडण्याऐवजी आदल्या दिवसापासून थोडं थोडं सोडता येतं का? तुम्ही तरी सांगा.

निवृत्त_जेई
येतं, पण तो निर्णय पाटबंधारे खात्याचा, पालिकेचा नाही. आधी सोडलं आणि पुढे पाऊस दगा देऊन गेला तर उन्हाळ्यात पाणीकपात, मग शिव्या वेगळ्या. शिवाय धरणाच्या खाली, शहरापर्यंतच्या पट्ट्यात जो पाऊस पडतो त्यावर कोणाचा दरवाजा नाही. तो येतो ओढ्यांतून.

धायरी_ते_हिंजवडी
म्हणजे फिरून ओढाच. माझ्या रस्त्याचं काय ते कोणी बोललं नाही.