पोटातल्या बाळाचं रक्त फुप्फुसांत जातं का?
वर एकांनी लिहिलंय की पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांत रक्त जातच नाही. जातं, पण थोडंच. तेव्हा फुप्फुसं द्रवाने भरलेली आणि त्यांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. प्राणवायू वारेकडून, नाळेतल्या एकुलत्या एक शिरेतून येतो. यातलं बरंचसं चांगलं रक्त हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्रातून थेट डावीकडे जातं आणि हृदय व मेंदूला आधी मिळतं. ही योजना मला फार सुंदर वाटते.

उजव्या खालच्या कप्प्यातलं बहुतेक रक्त मात्र फुप्फुसधमनीतून महाधमनीत उघडणाऱ्या छोट्या वाहिनीने वळतं. जन्मानंतर फुप्फुसं फुगली की डावीकडचा दाब वाढतो, छिद्राचा पडदा मिटतो. ही वाहिनीही बहुतेक बाळांत दोन-तीन दिवसांत आकसते.

तोवर तिला उघडं ठेवतात ती प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे शरीरातच तयार होणारी संप्रेरकांसारखी रसायनं. म्हणून गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही रसायनं कमी करणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या कृपा करून मनाने घेऊ नका; वाहिनी पोटातच आकसू शकते. उलट काही जन्मजात हृदयदोषांत तिच्यावरच बाळाचा जीव असतो. तिथे डॉक्टर प्रोस्टाग्लँडिन शिरेतून देऊन शस्त्रक्रियेपर्यंत ती मुद्दाम उघडी ठेवतात.