स्कॉटलंडात ऊन पडतं कुठे? मग एवढी सूर्यघड्याळं कशाला?

रिकामटेकडा: जूनमध्ये एडिनबराला होलीरूड पॅलेसची बाग बघितली. तिथे दगडी चौथऱ्यावर एक पैलू पाडलेला गोळा आहे, आणि जवळजवळ प्रत्येक पैलूवर एकेक वेगळं सूर्यघड्याळ, १६३३ सालचं म्हणे. आता जिथे ढग हटायला तयार नसतात तिथे हा खटाटोप कशाला, आणि करायचाच होता तर एक घड्याळ पुरत नव्हतं का? कोणाला माहीत असेल तर सांगा, बायको म्हणते तू उगाच डोकं खातोस.

मुक्काम_पोस्ट_फाइफ: वहिनींचं बरोबर आहे 😀 पण प्रश्न भारी आहे. ते पहिल्या चार्ल्सचा स्कॉटलंडात राज्याभिषेक झाला त्या वर्षीचं, जॉन मिल्न या शाही गवंड्याचं काम. त्याचंच १६३०चं एक ड्रमंड कॅसलच्या बागेत आहे आणि ग्लॅमिस कॅसलला तर एकाच खांबावर ऐंशीच्या वर तबकड्या आहेत!! एक का पुरत नाही, तर हा देश ५६ अंश उत्तर अक्षांशावर, ऐन जूनमध्ये सूर्यवेळेने (सूर्य ऐन दक्षिणेला म्हणजे बारा) पहाटे साधारण ३:२० ला सूर्य उगवतो तोही ईशान्येला, आणि मावळतो रात्री ८:४० ला वायव्येला. दक्षिणेच्या भिंतीवर ऊन यायला सात वाजतात आणि पाचला ते गेलेलं असतं, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे मिळून सात-एक तास वायाच. म्हणून उत्तरेकडे तोंड केलेले पैलू.

खडूस_काका: हे गणित ठीक, पण राजवाड्यातली निम्मी मिरवायला होती हो. बाकी गाव चालायचं घंटेवर आणि दवंडीच्या ढोलावर, आणि चर्चमध्ये प्रवचन किती लांबलं ते बघायला वाळूचं घड्याळ.

मुक्काम_पोस्ट_फाइफ: काका, मिरवायला होतीच, पण चर्चच्या आणि टोलबूथच्या (म्हणजे गावच्या कचेरी-तुरुंगाच्या) भिंतींवर साधी पण होती ना. मनोऱ्यावरची यांत्रिक घड्याळं लंबक येण्याआधी दिवसाला पाव तास सहज इकडेतिकडे व्हायची (लंबकाचं घड्याळ डच शास्त्रज्ञ हायगेन्सने केलं १६५६ ला). ती लावायची कशावरून? सावलीवरूनच. त्यामुळे रोज ऊन नसलं तरी चालायचं, चार दिवसांतून एकदा दुपारी दहा मिनिटं ढग फाटले की घड्याळवाल्याचं काम झालं.

रिकामटेकडा: अच्छा!! म्हणजे प्रत्येक गावाची वेळ वेगळी?

खडूस_काका: अर्थात. एडिनबरा लंडनच्या १२-१३ मिनिटं मागे, १८४८ मध्ये रेल्वेपायी ग्रिनिच टाइम घेतला तोपर्यंत. आता त्यावर उन्हाळ्यात तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात. म्हणजे जूनमध्ये तुमच्या मोबाइलमध्ये सव्वा वाजत आला की त्या दगडावर बारा.

रिकामटेकडा: हात्तिच्या, म्हणून माझ्या फोटोतली वेळ जुळत नव्हती होय, मी गवंड्याला शिव्या घालत होतो.