मदत हवी आहे: अ‍ॅक्वापोनिक्सचा पालक पिवळा पडतोय, गुरुवारी मासे वर येतात (धायरी, पुणे)

अंगणवेल

नमस्कार मंडळी,

गच्चीवरच्या बागेचे धागे इथे भरपूर आहेत, पण मासे असलेला एकही सापडला नाही. म्हणून नवा काढतेय.

धायरीत आमच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात गेल्या दिवाळीपासून अ‍ॅक्वापोनिक्स चालू आहे. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खाली माशांची टाकी, वर खडी भरलेले वाफे. पंप टाकीतलं पाणी वाफ्यात चढवतो. खडीवर वाढलेले जिवाणू माशांच्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते भाजी उचलते आणि पाणी परत टाकीत पडतं. माती नाही, वेगळं खत नाही.

भोसरीच्या भंगारातून हजार लिटरची पिंजऱ्यातली टाकी आणली (आधी त्यात काय भरलं होतं ते विचारूनच घेतली) आणि कापली. खालच्या भागात साधारण सातशे लिटर पाणी असतं. वरच्या भागाचा एक वाफा, शिवाय एक निळा ड्रम उभा चिरून दोन, असे मिळून दोन चौरस मीटर. खडी वाघोलीची, 20 मिमी, काळी. मोठ्या वाफ्यात बेल सायफन आहे, म्हणजे पाणी ठरावीक उंचीला चढलं की आपोआप भसकन उतरतं. घरात मासे कुणीच खात नाही, म्हणून कोई सोडलेत, चाळीसेक, आता वीतभर झालेत.

थंडीत पालक, पुदिना, कोथिंबीर मस्त आली. मार्चपासून पालक बिघडला. नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी खालची पानं ठीक आहेत. टोमॅटोचे शेंडेही तसेच. पुदिन्याला मात्र काही झालेलं नाही (त्याला कशानेच काही होत नाही म्हणा).

थेंबांच्या किटचे आकडे: पीएच 8.2 ते 8.4, अमोनिया 0.5, नायट्राइट शून्य, नायट्रेट 40.

दुसरी अडचण: गुरुवारी सकाळी लाईट जाते ती संध्याकाळीच येते. दुपारपर्यंत सगळे मासे वर तोंड काढून. आतापर्यंत मेले नाहीत, पण मे महिना आहे, भीती वाटते.

जाणकारांनी कृपया सांगावं.

बंड्या_कोथरूड

एप्सम सॉल्ट टाका. एक चमचा पाच लिटरला. माझ्या गच्चीवरच्या गुलाबांना गुण आला.

मावळतीकर

पीएच जास्त आहे ना, मग व्हिनेगर किंवा लिंबू. इतका मोठा धागा कशाला?

खडक_आणि_खार

वरचे दोन्ही सल्ले थांबवा.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. ते कमी पडलं तर खालची, जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड जुन्या पानातून ते काढून नव्याला देतं. लोह असं हलवता येत नाही. म्हणून लोहाच्या टंचाईत शेंडा पिवळा आणि बुडखा हिरवा. ताईंनी अगदी तेच लिहिलंय. नायट्रेट 40 आहे, म्हणजे नत्राची कमतरता नाही. एवढ्या पीएचला पाण्यात लोह असलं तरी ते विरघळलेलं राहत नाही, झाडाच्या हाती लागत नाही.

लिंबाबद्दल: पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल तर ते आम्ल खाऊन टाकतं. आज पीएच 7.4 दिसेल, परवा परत 8.2. मासे या झोक्यातच आजारी पडतात. आधी हे शोधा की पीएच वर धरून कोण ठेवतंय. खरं तर चालू अ‍ॅक्वापोनिक्समध्ये पीएच हळूहळू खाली यायला हवा, कारण अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. तुमचा येत नाही, याचा अर्थ कुठून तरी क्षार सतत आत येतायत.

तीन प्रश्न:

१. टाकीत रोज वरून कुठलं पाणी घालता?
२. खडीत पांढरे, चकचकीत ठिपके असलेले दगड आहेत का?
३. घरी आरओ आहे का, आणि त्याचं बाहेर पडणारं पाणी कुठे जातं?

अंगणवेल

१. उन्हाळ्यात टँकर, एरवी बोअर. नळाला पाणी येतं पण ते प्यायला-स्वयंपाकालाच पुरतं. गुरुवारी बंद आणि शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने, हे सगळ्यांना पाठच आहे.
२. थोडे आहेत.
३. आहे. सासूबाईंच्या राज्यात पाण्याचा थेंब वाया जात नाही, त्यामुळे आरओची बादली रोज माशांच्या टाकीत.

खडक_आणि_खार

बादली सापडली!

आरओ पाण्यातले क्षार नष्ट करत नाही, गाळलेलं पाणी एकीकडे आणि क्षार दुसरीकडे काढतो. बाहेर पडणारं पाणी हे मूळ पाण्यापेक्षा जड. फरशी पुसायला, संडासात टाकायला उत्तम. माशांच्या टाकीत मात्र रोज थोडे थोडे क्षार जमा होतात. त्यात मे महिना: बाष्पीभवनाने नुसतं पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात, आणि उडालेल्याच्या जागी तुम्ही परत जड पाणी घालता. मार्चपासूनच बिघडलं, ते यामुळेच.

खात्री करून घ्या. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात केएचचं (म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट मोजायचं) किट मिळतं. पाण्यात थेंब मोजत टाकायचे, निळ्याचा पिवळा झाला की थांबायचं. एक थेंब म्हणजे एक अंश, म्हणजे लिटरला साधारण 18 मिलिग्रॅम. टाकी, टँकर, आरओची बादली आणि नळ, चारही तपासा. आणि पांढरे ठिपकेवाले दगड धुऊन, वाळवून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला तर ते कॅल्साइट, तो दगड बाहेर.

(अवांतर: काळा बेसाल्ट स्वतः निरुपद्रवी. पण आपल्याकडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट आणि झिओलाइट सापडतात. वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट जगभरच्या खनिजवेड्यांना ठाऊक आहे. तुमच्या खडीत निळं काही सापडलं तर भाजी विसरा, मला कळवा.)

भिगवणी

कोई कशाला पाळलेत ताई, चिलापी सोडायची. उजनीत बघा कशी वाढते. काटक मासा, खायला पण होतो.

खडक_आणि_खार

घरात कुणी खात नाही असं लिहिलंय वर. शिवाय चिलापी म्हणजे तिलापिया, तो पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. थाई मांगूरला तर बंदीच आहे, कुणी स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका.

अंगणवेल

किट आणलं. टाकी 16 थेंब, टँकर 11, आरओची बादली 17, नळ 3. व्हिनेगरला मूठभर दगडांनी फेस काढला, ते वेचून टाकले. निळं काही नाही, सॉरी.

सासूबाईंना सोळा आणि तीन थेंबांच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून दाखवल्या. त्यांनी बादली फरशीकडे वळवली आहे. आता पुढे काय? आणि गुरुवारचं?

खडक_आणि_खार

सगळं पाणी एकदम बदलू नका. आठवड्याला टाकीचं दहा-पंधरा टक्के पाणी काढायचं (कुंड्यांना घाला, उत्तम खत आहे) आणि तेवढंच नळाचं घालायचं. नळाचं पाणी ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो. घाई असेल तर अ‍ॅक्वेरियमवाल्याकडचा हायपो (सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन मारणारे खडे), क्लोरीनच्या साधारण सातपट वजनाने. केएच चार-पाचपर्यंत आणि पीएच सातच्या आसपास आला की थांबा. सात हा तहाचा आकडा आहे: झाडांना सहा आवडला असता, जिवाणूंना साडेसात.

तोवर पालकाला लोह द्या. मार्केट यार्डाजवळ किंवा कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए चिलेटेड लोह (चिलेट लोहाला धरून विरघळलेलं ठेवतं), 6 टक्के, असं मागा. संत्रा-द्राक्षवाले नेतात ते. ईडीटीए हे दुसरं चिलेट घेऊ नका, तुमच्या पीएचला टिकणार नाही. हिराकस (साधं फेरस सल्फेट) तर नकोच, गंज होऊन तळाशी बसेल. लिटरला 2 मिलिग्रॅम लोह हवं, म्हणजे हजार लिटरला 6 टक्केवाली पूड 33 ग्रॅम. तुमचं वाफ्यांसकट नऊशे लिटर धरलं तर 30 ग्रॅम. बादलीत विरघळवून संध्याकाळी ओता. पाणी कोकमाच्या सरबतासारखं लाल होईल, घाबरू नका, माशांना त्रास होत नाही. आधी पिवळी झालेली पानं हिरवी होणार नाहीत, नव्या पानांकडे बघा.

पीएच उतरवायचं आणखी एक कारण म्हणजे अमोनिया. 8.3 पीएच आणि मेमधलं कोमट पाणी, यात मोजलेल्या अमोनियापैकी दहा-पंधरा टक्के विषारी रूपात असतो. पीएच सातला तो एक टक्काही नसतो. तुमचा 0.5 आत्ता कल्ल्यांना चावतोय. गुरुवारी मासे वर येण्यात त्याचाही हात असणार.

इन्व्हर्टरवाला

गुरुवारचं मी सांगतो, आमच्याकडे गप्पी आणि कोई दोन्ही आहेत.

पाणी 20 अंशाला असेल तर लिटरमध्ये 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसात. पुणे उंचावर, म्हणून अजून थोडा कमी. त्यात पंप बंद. म्हणून:

बुधवारी संध्याकाळचं खाणं अर्धं, गुरुवारी लाईट येईपर्यंत काहीच नाही. भरल्या पोटी माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. उपास त्यांना बाधत नाही.

पाण्याचा पंप नाही, हवेचा पंप इन्व्हर्टरवर घ्या. 20 वॉटचा हवापंप आठ तासांत 160 वॉट-तास खातो, घरातल्या इन्व्हर्टरला कळतही नाही. दगडी डिफ्यूझर दोन, टाकीच्या तळाशी. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा हवापंप मिळतो, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा.

टाकीवर 50 टक्के शेडनेट, आजच.

खडक_आणि_खार

+१. एक भर: लाईट गेल्यावर सायफनच्या वाफ्यात पाणी साचून राहतं आणि खडीतले जिवाणू त्यातला ऑक्सिजन संपवतात. उभ्या पाइपला तळाशी 5-6 मिमीचं भोक पाडा. पंप चालू असताना वाफा भरतोच, बंद झाल्यावर हळूहळू रिकामा होतो. मुळांना हवा मिळते. भोकात मुळं अडकतात, अधूनमधून काडी घाला.

अंगणवेल

हवापंप लावला, भोक पाडलं, नेट बांधलं. या गुरुवारी मासे खालीच होते. पालकाचे दोन नवे कोंब हिरवे आहेत, टोमॅटोचं अजून समजत नाही.

आता पुढचं. मृगाला पाऊस धरला तर पागोळ्यांचं पाणी टाकीत घेतलं तर चालेल का? आणि उघड्या वाफ्यांत पाऊस पडून टाकी ओसंडली तर मासे बाहेर जातील ना?

खडक_आणि_खार

चालेल, पावसाच्या पाण्यात केएच जवळजवळ शून्य, तुमच्यासाठी त्याहून चांगलं काही नाही. पहिले एक-दोन पाऊस छपरावरची धूळ आणि कबुतरांची घाण धुवायला सोडून द्या. नंतर ड्रममध्ये साठवा आणि त्यातून मोजून घाला, थेट पागोळी टाकीत नको. दहा चौरस मीटर पत्र्यावर 25 मिमी पाऊस झाला की अडीचशे लिटर पाणी येतं, एका रात्रीत पीएच धाडकन उतरेल. केएच तीनच्या खाली जाऊ देऊ नका. गेलाच तर चिमूटभर खायचा चुना, पाण्यात कालवून, वाफ्यावर. थेट माशांवर नाही.

ओसंडण्यासाठी टाकीच्या काठाखाली चार बोटं एक इंची पाइप बसवा, तोंडाला आतून प्लास्टिकची जाळी. जाळी पावसाळ्यात रोज पाहायची, पानं अडकतात. वाफ्यांवर पारदर्शक कागद टाकलात तर खत पातळ होणार नाही.

भिगवणी

जाळीच्या वर झाकणपण ठेवा ताई. पावसात मासा उडी मारतो, आणि धायरीत बगळे कमी नाहीत.