दोन क्लेमनंतर गाडीच्या विम्याचा हप्ता वाढला, काय करावं?

सांगलीकर: धाकट्या भावाच्या स्विफ्टचे वर्षात दोन क्लेम झाले. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला, हप्ता चढला. नुसती थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारी पॉलिसी) घेऊ का? आईला डायलिसिसला याच गाडीतून न्यावं लागतं, म्हणून काळजी वाटते.

काका_मिरज: थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, क्लेममुळे वाढत नाही. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, जीएसटी वेगळा. पण स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला छदामही मिळत नाही!

रत्नागिरीची_ताई: दादा, संपूर्ण विमाच ठेवा. स्वेच्छा वजावट, म्हणजे क्लेममध्ये आपण स्वतः भरायची रक्कम, वाढवली की हप्ता उतरतो. ओरखड्यांसाठी क्लेम नको. क्लेमविना वर्ष गेलं की २० टक्के बोनस, सलग पाच वर्षांनी ५०. आणि नव्या कंपनीला जुने क्लेम खरे सांगा, नाहीतर पुढचा क्लेम अडकतो.

सांगलीकर: ताई, वजावट वाढवून संपूर्णच घेतो.